कार्ल अंकलची ओरिजिनल पट्टी

'द फोर कझिन्स' हे नाव ठेवलं तेव्हा त्या चौघांत कुणी कुणाचा कझिन नव्हता. तिघे वसईचे ख्रिस्ती, तेही तीन वेगळ्या गावांचे, आणि चौथा भानुदास गाडेकर, संगमनेरचा. भानुदासला घेतलं ते त्याच्याकडे पिकअप होती म्हणून. ड्रम तो नंतर शिकला, आणि कार्ल अंकलच्या मते अजून शिकतोच आहे.

शारजात एका खोलीत राहणारी ही चार पोरं दिवसा गोदामात आणि ऑफिसात राबायची आणि गुरुवारी संध्याकाळी हॉटेलांतून सोल गायची. सोल म्हणजे काय, असं एलिशानं लहानपणी विचारलं होतं. तिचे पपा, जेरार्ड, म्हणाले, "चर्चमधलं गाणं प्रेमात पडलं की त्याचं जे होतं ते." पपा कीबोर्ड वाजवायचे आणि खालच्या सुरात साथ करायचे. पुढे माइक धरून गायचे ते कार्ल अंकल. एलिशाचे गॉडफादरही तेच, त्यामुळे तिला रागावण्याचा आणि तिच्या लग्नात सगळ्यांत जास्त वेळ गाण्याचा हक्क त्यांनी आपोआप घेतला होता.

एकोणनव्वद साली त्यांचं 'लास्ट अब्रा' हे गाणं इंग्रजी रेडिओच्या टॉप ट्वेंटीत चौथ्या नंबरवर गेलं. क्रीकपलीकडच्या मुलीला भेटायला निघालेल्या पोराची शेवटची अब्रा, म्हणजे होडी, सुटते आणि तो धक्क्यावरून नावाड्याला हाका मारत राहतो, एवढीच त्याची गोष्ट. "वेट, बोटमॅन, वेट." त्यातला शेवटचा 'वेट' कार्ल अंकल इतका वर न्यायचे की हॉटेलची झुंबरं किणकिणायची. झुंबरांची गोष्ट अर्थातच कार्ल अंकलकडूनच कळलेली. त्यांचं पुढचं गाणं एकोणिसावं आलं. त्याच्या पुढचं आलंच नाही.

"एकविसावं होतं," कार्ल अंकल अजून सांगतात. "विसाच्या पुढे ते मोजत नव्हते. त्याला आम्ही काय करणार?"

मग संसार आले. चौघांतला एक कॅनडाला गेला आणि आता तिथं बर्फ उपसतो. उरलेले तिघे लग्नांत, नाताळच्या पार्ट्यांत, कुणाच्या तरी पंचविसाव्या अॅनिव्हर्सरीला गात राहिले. गेल्या नाताळाच्या आधी पपा गेले. त्यांना वसईला नेऊन पुरलं, मम्मी तिथंच मावशीकडे राहिली, आणि पपांचा कीबोर्ड एलिशाच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या फ्लॅटवर आला. मम्मीनं जुन्या टेबलक्लॉथचं शिवलेलं त्याचं आवरण एलिशानं अजून काढलं नव्हतं. धूळ मात्र ती रोज पुसायची, आवरणावरची.

या उन्हाळ्यात शारजाच्या कुणा मुलीनं होडीत बसून केस उडवत एक रील केलं आणि मागे 'लास्ट अब्रा' लावलं. रील धावलं. गाण्यांच्या अॅपवर देशातल्या शंभर गाण्यांची जी यादी असते तिच्यात छत्तीस वर्षांनी द फोर कझिन्स त्रेचाळिसाव्या जागी उगवले. कार्ल अंकलनी स्क्रीनशॉट काढून सगळ्यांना पाठवला, वसईच्या फादरांनासुद्धा. पुढच्या आठवड्यात गाणं एकाहत्तरावर आलं. तो स्क्रीनशॉट त्यांनी फक्त एलिशाला पाठवला. त्याच्या पुढच्या आठवड्यात काहीच आलं नाही, तेव्हा एलिशा काय ते समजली.

पण तेवढ्यात रेडिओवरच्या नबिलाचा फोन आला होता. जुनी गाणी लावणारी ही बाई दुबईच्या एका हॉटेलात शनिवारी संध्याकाळी जुन्या बँडचा कार्यक्रम करत होती. तुम्ही याल का, एकच गाणं, लाइव्ह?

"याल का म्हणे," कार्ल अंकल फोनवर एलिशाला म्हणाले. "सूट शिवायला टाकलेत. मरून. चारशे दिरहॅम, म्हणजे नऊ हजार रुपये झाले. दोन सूट."

"दोनच?"

"मग? बर्फवाल्याला कुरियरनं पाठवू?"

तिसऱ्या सुटाचं नाव कुणीच काढलं नाही.

*

तालीम मुसाफ्फात, भानूकाकांच्या केटरिंग किचनच्या मागच्या स्टोअररूममध्ये होती. कांद्याची पोती, तेलाचे डबे, त्यांच्या मधे ड्रम. कीबोर्डवाला नव्हता, म्हणून कार्ल अंकलनी भाच्याकडून एकोणनव्वदच्या मूळ रेकॉर्डिंगमधला स्वतःचा आवाज तेवढा पुसून घेतला होता. बाकी सगळं तसंच होतं, पपांचा कीबोर्ड आणि पपांचा खालचा सूर.

"जेरार्ड आपल्याबरोबर असणार," कार्ल अंकल म्हणाले. "आणि पट्टी ओरिजिनल."

ओरिजिनल पट्टी हा त्यांचा धर्म होता. गायकानं पट्टी खाली आणली की तो म्हातारा झाला, असं त्यांचं म्हणणं. कॅनडावाल्यानं एकदा, अर्धा सूर खाली घेऊ या का, असं नुसतं विचारलं, तर त्याच्याशी ते दोन महिने बोलले नव्हते. त्याच्या कॅनडाला जाण्याशी याचा संबंध आहे असं भानूकाका म्हणतात.

ट्रॅक सुरू झाला. चौतिशीतल्या पपांचा आवाज तेलाच्या डब्यांवरून घरंगळत आला, आणि एलिशानं मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखं बघायला घेतलं. कार्ल अंकलनी डोळे मिटले. कडव्यापर्यंत ठीक होतं. मग नावाड्याला हाका सुरू झाल्या. पहिला 'वेट' कसाबसा लागला, दुसरा घसरला, आणि तिसऱ्याला त्यांच्या मानेची शीर फुगली, चेहरा सुटाच्या रंगाचा झाला आणि घशातून जे आलं ते ऐकून स्वयंपाकघरातला माणूस डोकावून गेला.

"एसी," कार्ल अंकल म्हणाले.

भानूकाकांनी एसी बंद केला. दुसऱ्यांदा तेच.

"दुपारी खजूर खाल्ला. खजूर घशाला वाईट."

"अरबांना सांग जाऊन," भानूकाका म्हणाले.

"तू ताल फास्ट घेतोयस, भानू. मला श्वास घ्यायला जागा कुठं आहे?"

"मी वाजवतच नाहीये, कार्ल. ड्रम ट्रॅकमधले आहेत. मीच वाजवलेले, एकोणनव्वदला."

"तेव्हापासूनच फास्ट घेतोयस."

तिसऱ्यांदा त्यांनी तो सूर घेतलाच नाही. ट्रॅक पुढे जात राहिला, पपा एकटेच खालून गात राहिले. कार्ल अंकल कांद्याच्या पोत्यावर बसले. बराच वेळ त्यांना कुणाला दोष द्यावासा वाटला नाही, आणि एलिशाला तेच जड गेलं.

"बेबी," ते म्हणाले, "मागच्या वर्षीपर्यंत लागत होता. तूच ऐकलायस. रॉड्रिग्जच्या मुलीच्या लग्नात, लास्टचा 'वेट', किती वेळ धरला होता?"

"खूप वेळ, अंकल."

"सेम गाणं, सेम पट्टी." त्यांनी गळ्यावर हात फिरवला. "जेरार्ड गेला आणि माझा वरचा सूर घेऊन गेला. गुरुवारी शेवटचा ट्राय. नाही लागला तर नबिलाला सांगतो, खलास. मग परत गाणार नाही. लग्नात पण नाही."

भानूकाकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. दोघांच्या चाळीस वर्षांच्या मैत्रीत असं पहिल्यांदाच झालं असावं.

*

कार्ल अंकलचा वरचा सूर कुठे गेला हे जगात फक्त एलिशाला ठाऊक होतं.

ती अकरा वर्षांची असताना एका पार्टीत कीबोर्डशेजारी स्टुलावर बसली होती. गाणं सुरू व्हायच्या आधी पपांनी एक बटण दाबलं. छोट्या पडद्यावर शून्य होतं, तिथं उणे एक आलं. ते काय, असं तिनं विचारलं.

"कार्लचा बर्थडे आहे ना," पपा पुटपुटले. "त्याला प्रेझेंट."

नंतर घरी त्यांनी दाखवलं. ते बटण दाबलं की बोटं नेहमीच्याच पट्ट्यांवर पडतात, पण आवाज अर्धा सूर खाली येतो. कार्ल अंकलना नोटेशन वाचता यायचं नाही. दोन काळ्यांच्या मधली पांढरी ही 'लास्ट अब्रा'ची जागा, एवढं एक त्यांना पक्कं माहीत होतं, आणि प्रत्येक कार्यक्रमाआधी ते येऊन पपांचं बोट त्याच पांढरीवर आहे ना हे बघून जायचे. बोट तिथंच असायचं.

"हे आपल्या दोघांत," पपा म्हणाले होते.

दरवर्षी नव्हे, पण काही वर्षांनी, कार्लच्या मानेची शीर फुगायला लागली की येणाऱ्या वाढदिवसाला पपा एक घर खाली उतरायचे. कीबोर्ड बदलले तरी आकडा पुढच्या कीबोर्डवर राहायला जायचा. शेवटचा तिनं पाहिला तेव्हा उणे चार होता. कार्ल अंकल मित्रांना अभिमानानं सांगत राहिले, की बघा, लोकांचे आवाज बसतात, माझा आहे तिथंच आहे. पपा मान डोलवायचे. खोटं बोलणं त्यांना फारसं जमायचं नाही, पण मान डोलवणं जमायचं.

आता छत्तीस वर्षांची ती उतरण एका तालमीत चढून जा, असं त्या ट्रॅकनं कार्ल अंकलना सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी घरी एलिशानं लॅपटॉपवर ट्रॅक लावून ठेवला आणि नुसती बघत बसली. तिची बारा वर्षांची मुलगी एमिली टोस्ट खात मागून आली. तिला सगळं थोडक्यात सांगितलं, म्हणजे बटणाचं सोडून.

"मम्मा, जस्ट ड्रॉप द की," एमिली म्हणाली. "इट्स वन क्लिक." आणि तिनं क्लिक केलंही, एकदा, दोनदा, पाच वेळा.

कीबोर्ड खाली आला, ड्रम थोडे भरड झाले. मग पपांची ओळ आली. आवाज विहिरीत पडलेल्या कुणा अनोळखी माणसाचा होता, हळू आणि जाड. एमिलीनं टोस्ट चावायचं थांबवलं.

"दॅट्स नॉट ग्रँडपा," ती म्हणाली.

"नाही," एलिशा म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

म्हणजे दोनच रस्ते होते. पपांचा खरा आवाज ठेवायचा, तर कार्ल अंकलनी चौतीस वर्षांचं व्हायला हवं होतं. नाहीतर पपांचा आवाज काढायचा, आणि कुणीतरी कीबोर्डवर बसायचं. खरं सांगून टाकायचा एक रस्ता होता, आणि मुसाफ्फाहून परतताना शेख झायद रोडवर तिनं तो मनातल्या मनात तीन प्रकारे सांगूनही पाहिला होता. प्रत्येक वेळी कार्ल अंकल कांद्याच्या पोत्यावरून उठलेच नाहीत.

एमिली झोपायला गेल्यावर तिनं कीबोर्डचं आवरण काढलं. घडी घातली. प्लग लावला. हा कीबोर्ड बंद केला तरी आकडा विसरत नसे. पपांनी दुकानात तेवढं एकच विचारून तो घेतला होता. पडदा उजळला. उणे चार.

हे पपांचं बोट होतं, शेवटचं. बाकी सगळं त्यांचं कुणी ना कुणी हलवलं होतं. कपडे वसईला वाटले, चष्मा मम्मीकडे गेला, फोनचा नंबर आता कुणा बांगलादेशी प्लंबरचा होता. हा आकडा तेवढा जिथं ठेवला तिथं होता, आवरणाखाली, म्हणून तर तिनं आवरण काढलं नव्हतं.

तिनं 'लास्ट अब्रा' वाजवून पाहिलं. पपांनी शिकवलेलं होतं, बोटांना येत होतं. शेवटच्या 'वेट'पाशी ती थांबली आणि कार्ल अंकलची मान आठवली. रॉड्रिग्जच्या मुलीच्या लग्नात त्यांनी तो सूर खूप वेळ धरला होता हे खरं, पण शीर तेव्हाच फुगायला लागली होती. पपांनी ती पाहिली होती. त्यांनी वाजवता वाजवता एलिशाकडे बघून भुवई उचलली होती. पुढचा बर्थडे, असा त्याचा अर्थ.

तो बर्थडे सप्टेंबरात झाला. सत्तरावा. एलिशानं केक नेला होता.

बटण तिला वाटलं होतं त्यापेक्षा हलकं निघालं. उणे पाच.

*

"ट्रॅक नको," गुरुवारी तिनं कार्ल अंकलना सांगितलं. "मी वाजवते. पपांच्या जागी."

कार्ल अंकल तिच्याकडे बघत राहिले. "आणि जेरार्डचा आवाज?"

"तो नसेल."

"बेबी, तू ठरवलंयस ना?"

"हो."

त्यांनी रुमाल काढला, नाक शिंकरलं आणि लगेच मूळ पदावर आले. "पट्टी ओरिजिनल पाहिजे पण. माझ्या वयाकडे बघून काही अॅडजस्टमेंट नको. दाखव."

तिनं बोट ठेवलं. दोन काळ्यांच्या मधली पांढरी. त्यांनी वाकून, चष्मा वर करून पाहिलं, मग तिच्या डोक्यावर थोपटलं. छोट्या पडद्यावर भानूकाकांच्या किचनच्या लेबलाचा एक तुकडा चिकटवलेला होता. पनीर बटर मसाला, असं त्यावर लिहिलं होतं.

"हे काय?"

"पडदा बिघडलाय," एलिशा म्हणाली. तिला पपांपेक्षा बरं जमत होतं.

सूर लागला. पहिल्याच खेपेला लागला, आणि कार्ल अंकल तो सोडायलाच तयार होईनात, शेवटी भानूकाकांनी झांज वाजवून त्यांना खाली उतरवलं.

"बघ," कार्ल अंकल धापा टाकत म्हणाले. "म्हटलं ना, एसी होता."

*

शनिवारी हॉटेलच्या हॉलमध्ये बरेच लोक होते, त्यांतले निम्मे जेवणासाठी. द फोर कझिन्स दोघे होते, मरून सुटात. भानूकाकांचा सूट पोटावर बसत नव्हता आणि त्याचं खापर शिंप्यावर फुटलं होतं. एलिशा काळ्या ड्रेसमध्ये बाजूला होती.

नबिला माइक घेऊन आली. छत्तीस वर्षांनी तुम्ही हेच गाणं गाताय, तिनं विचारलं, आता थोडं सोपं करून गाणार का?

कार्ल अंकल या प्रश्नाची एकोणनव्वदपासून वाट बघत असावेत. "ओरिजिनल पट्टी," ते म्हणाले. "लोकांचे आवाज बसतात, मॅडम. विश्वास नसेल तर तिला विचारा, जेरार्डच्या मुलीला. तिची बोटं बघा."

नबिलानं माइक एलिशासमोर धरला. हॉलमधले बरेच जण जेवायचे थांबून बघू लागले.

एलिशानं मान डोलवली.

गाणं ठीक झालं. दुसऱ्या कडव्यात पपांची ओळ यायची जागा आली, तेव्हा ती कुणी गायली नाही. तसं काही ठरलं नव्हतं. एलिशाची बोटं चालत राहिली, भानूकाकांनी काठ्या हवेत धरून ठेवल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी ताल फास्ट घेतला नाही. एवढ्या ओळीपुरती ती पडद्यावरच्या पनीर बटर मसाल्याकडे बघत राहिली. मग कार्ल अंकलनी नावाड्याला हाका मारायला सुरुवात केली. शेवटचा 'वेट' त्यांनी धरला, धरून ठेवला, आणि जेवणासाठी आलेल्यांपैकीही काही जण उभे राहिले. मानेची शीर जागच्या जागी होती. एलिशानं वर, झुंबराकडेही एकदा बघून घेतलं. ते हललं नाही.

उतरताना कार्ल अंकलनी तिचा दंड धरला. पायऱ्या उंच होत्या.

"ताल चांगला होता तुझा," ते म्हणाले. "पण जेरार्ड वाजवायचा तेव्हा असं वाटायचं, की कुणीतरी खालून आधार देतंय. तुला सांगता येणार नाही मला ते."

"आलं लक्षात, अंकल."

"प्रॅक्टिस कर. येईल."

सोमवारी गाणं यादीत अठ्ठ्याण्णवावं आलं. स्क्रीनशॉट आला, वसईच्या फादरांनाही गेला. मंगळवारी ते यादीत नव्हतं.

"एकशे एकावं असेल," कार्ल अंकल फोनवर म्हणाले. "शंभराच्या पुढे ते मोजत नाहीत. जाऊ दे. नाताळला मुसाफ्फाच्या चर्चची पार्टी आहे, मी आपल्याला घ्यायला सांगितलंय. आणि पुढच्या वर्षी खोर फक्कानचं अॅम्फीथिएटर ट्राय करू, इन्शाल्ला. मोठं आहे, पण माझा आवाज पोचेल. तू आहेस ना?"

"आहे," एलिशा म्हणाली.

फोन ठेवून तिनं कीबोर्डवर आवरण घातलं, मग परत काढलं आणि कपाटात ठेवून दिलं. रोज वाजवायचा तर ते मधे येणार. पडद्यावरचं लेबल नखानं हळूच सोलून तिनं माहितीपुस्तकात पाहिलं. ते बटण उणे बारापर्यंत जात होतं.

म्हणजे कार्ल अंकलना अजून पुष्कळ वर्षं गाता येणार होतं.